संप फुटला

रात्री अडीचला पाय ओला झाला, तेव्हा कळलं.
फ्रीजकडे जाताना फरशीवर
थंड, शेवाळाच्या वासाचं पातळ काहीतरी.
वर काचेच्या टाकीत सगळं शांत,
सात गोल्डफिश, आपापल्या जागी तरंगणारे.
खालचं कपाट उघडलं तर संपच्या बुडाशी
एक थेंब लोंबत होता,
पडावं की नको, असा.

मी ओरडलो, "राजमणी, संप फुटला!"
ती कूसही वळली नाही.
उठले ते अप्पा. एका कानाने ऐकणारे,
तेहतीस वर्षं साच्यापुढं उभे राहिलेले.
खाटेवर नीट बसून म्हणाले,
"कुठल्या गिरणीचा?"
आणि थोड्या वेळानं, हलक्या आवाजात,
"कोण फुटलं?"

त्यांना काय सांगणार.
पंप बंद केला. वरचं जास्तीचं पाणी खाली उतरलं,
काचेवर पेन्सिलीनं रेघ मारली,
अप्पांची घामोळ्याची पावडर सांध्यासांध्यावर भुरभुरली
आणि पाटावर बसून राहिलो,
पहिली ओली रेघ कुठे उमटते ते बघत.
डाव्या कोपऱ्यात उमटली. केसाएवढी.
तुटलेला धागा मी आवाजावरून ओळखतो,
काच मात्र काहीच बोलत नाही.

नळाला पाणी पाचव्या दिवशी. तो दुसरा होता.
आमच्याकडे तीन पिंपं, एक पिण्याचं, एक वापरायचं,
एक माशांचं.
"मासे चोवीस तास पाण्यात," राजमणी सकाळी म्हणाली,
"आणि आपण दोन तांब्यांत अंघोळ."
तिचं काही चुकत नव्हतं.
ती चिडली की तेलुगूत बोलते, हे मराठीत होतं,
म्हणून मी गप्प पुसत राहिलो.

विजापूर वेशीतला इलियास म्हणाला,
"बुरशी न धरणारं सिलिकॉन घेऊ नको बे, मासे मरतेत.
साधं घे. जुनं ब्लेडनं पूर्ण खरवड.
अठ्ठेचाळीस तास बोट लावायचं नाही."
घरभर शिरक्याचा वास.
खालून बिराजदार काकूंनी विचारलं,
लोणचं घातलंय का, आणि
आमच्या छताला ओल कशाची आलीय.
दोन्ही प्रश्नांना मी एकदाच मान हलवली.
वरच्या टाकीत नुसता हवेचा दगड
दोन दिवस, दोन रात्री बुडबुडत राहिला.

तिसऱ्या दिवशी पाणी सोडलं. सांधा कोरडा.
झोपलो.
सकाळी पुन्हा तळं.
रेघेच्या खाली चार बोटं पाणी गेलेलं.

मी ते मनाला लावून घेतलं, खरं सांगतो.
ब्लेड शोधायला लागलो.
राजमणी चहाचा कप घेऊन कपाटापुढं वाकली,
बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली,
"हा टॉवेल कुणी ठेवला?"

मीच. पुसायला घेतलेला, पाणी सोडताना
संपच्या काठावर टाकलेला.
एक टोक पाण्यात, एक टोक फरशीवर.
आमच्याच मागावरचा, काठ तिरका गेला म्हणून
सेकंडात निघालेला.
ज्याचं एक टोक वाटीत बुडवून
मी बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना दाखवतो,
बघा साहेब, पाणी कसं चढतंय.
रात्रभर चढलं होतं.
उतरलंही होतं.

ती हसली नाही. कप माझ्या हातात दिला,
टॉवेल पिळला, ते पाणी कढीपत्त्याला घातलं.

अप्पांनी खाटेवरून विचारलं, "मिटला का संप?"
"मिटला."
"मागण्या मान्य केल्या का त्यांनी?"
एक मासा काचेशी आला,
तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.
म्हटलं, "बोलणी चालू आहेत, अप्पा."

गच्चीत टॉवेल वाळत टाकला.
अर्ध्या तासात कडक, भाकरीसारखा.
एप्रिल आहे.
पाणी उद्या येईल म्हणतात.